जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या: छोटी ॲनालॉग केंद्रं आता कुठेच उरली नाहीत का?

ओसरी:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून सासऱ्यांचा टीव्ही खाली काढला. काळा-पांढरा, वीस इंची, लाकडी पेटी, समोर सरकतं शटर. उजवीकडे खटखट फिरणारं बटण आणि त्यावर २ ते १२ आकडे. मी फडक्याने पुसत होते तेवढ्यात नवऱ्याने कुणाला न विचारता प्लग लावला. अर्ध्या मिनिटाने पडदा उजळला आणि मुंग्या आल्या! खर्रर्र आवाजासकट. अकराही आकडे फिरवून झाले, सगळीकडे मुंग्याच.

सासूबाई आतून म्हणाल्या, "अँटेना फिरवा, लागेल."

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर टेकडीवर टीव्ही टॉवर आहे. तिथल्या एसटीच्या थांब्याचं नावही 'टीव्ही टॉवर' असंच पडलंय. मनोरा अजून उभा आहे. मग त्यातून आता काहीच येत नाही का? कुठेतरी वाचलं होतं की कमी ताकदीची छोटी केंद्रं काही ठिकाणी जुन्या पद्धतीने अजून चालू आहेत. ते आपल्याकडचं होतं की परदेशातलं, आठवत नाही.

आणि दुसरं म्हणजे हा टीव्ही आतून काहीही न बदलता त्यावर चित्र आणता येईल का? सासूबाईंना दाखवायचं आहे. शोभेची वस्तू करून ठेवायचा नाहीये.

डिशटोपी:

बंद झालं ताई. दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. सुमारे ५० मोक्याच्या जागा वगळून उरलेले सगळे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, असं प्रसार भारतीने जाहीर केलं होतं. २०१६ साली १६ शहरांत डीव्हीबी-टी२ म्हणजे डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, त्यात मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. पण ते तुमच्या शटरवाल्या टीव्हीला कळणार नाही. दूरदर्शनची फ्री डिश लावा, भंगारवाल्याला बोलवा, विषय संपला.

लॉगबुक:

डिशटोपी, भंगारवाल्याला जरा थांबवा.

ओसरीताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. "अँटेना फिरवा" म्हणणारं माणूस भेटून फार दिवस झाले.

मी अशाच एका टेकडीवर टेक्निशियन होतो. १९८५ साली लागलो. दोन बदल्या झाल्या, त्याही एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर. लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र हे पाटीवरचं नाव, आम्ही एलपीटी म्हणायचो. गावाचं नाव लिहीत नाही, घाटमाथ्यावरचं आहे एवढं पुरे.

आधी एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटायचं इथे टीव्ही 'बनतो'. शाळांच्या सहली यायच्या, पोरं विचारायची, बातम्या देणाऱ्या बाई कुठे बसतात? एकदा एक गृहस्थ पेटी घेऊन आले, भजनाची ऑडिशन द्यायला. टेकडी चढून घामाघूम झाले होते बिचारे. त्यांना चहा पाजला आणि आतली खोली दाखवली. दोन कपाटं, एक चालू, एक राखीव. पंखा घरघरतोय. कॅमेरा नाही, माईक नाही. तरी ते दोन कडवी म्हणून गेलेच. आम्ही तिघे ऐकणारे, आणि चौथा ट्रान्समीटर.

काम एवढंच: मोठ्या डिशने (आमच्या भाषेत पीडीए) उपग्रहावरून दिल्लीचा सिग्नल घ्यायचा, तो आपल्या चॅनेलवर चढवायचा आणि मनोऱ्यावरून गावावर सोडायचा. १९८३च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला म्हणून हे जमलं. त्याआधी एखाद्या आडगावापर्यंत चित्र न्यायचं तर डोंगरा-डोंगरांवरून मायक्रोवेव्हची साखळी ओढत न्यावी लागायची. उपग्रह आल्यावर डिश, १०० वॅटचा ट्रान्समीटर, मनोरा आणि एक जनरेटर एवढ्या सामानावर केंद्र उभं राहायला लागलं. १९८४ साली काही महिने तर देशात दिवसाला एक ट्रान्समीटर सुरू होत होता.

१०० वॅट म्हणजे किती? पूर्वी खोलीत पिवळा बल्ब लावायचो, तेवढे. तेही चित्राला. आवाजाला त्याचा दहावा हिस्सा, १० वॅट. एवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटरचा मुलूख सांभाळायचा. खोऱ्यातल्या गावांसाठी १० वॅटचीही केंद्रं होती, अति लघुशक्ती. आणि म्हैसमाळ, सिंहगड इथली ती मोठी, त्यांच्या गोष्टी वेगळ्या.

ॲनालॉगची गंमत अशी की पंधरा किलोमीटरला चित्र तुटत नाही, विरत जातं. बारा किलोमीटरवर थोड्या मुंग्या, पंधरावर भरपूर, अठरावर माणसं सावल्यांसारखी, पण आवाज मात्र स्वच्छ, कारण चित्र एएमवर आणि आवाज एफएमवर, आणि एफएमवर गोंगाट कमी जाणवतो. वीस किलोमीटरवरच्या एका वाडीत लोक टीव्ही ऐकायचे. खरंच सांगतो. पडद्यावर बर्फ पडतोय आणि पंधरा माणसं समोर मांडी घालून बातम्या ऐकतायत. डिजिटलमध्ये हा प्रकार नाही. तिथे चित्र लख्ख तरी असतं, नाहीतर चौकोन होऊन गोठतं, नाहीतर काळा पडदा.

आमच्या उत्तरेला एक कडा होता. त्याच्या आडोशाच्या गावात आमचा मनोरा दिसायचाच नाही. तिथल्या एका शिंप्याने काय केलं, अँटेना आमच्याकडे न करता उलटी, समोरच्या दुसऱ्या कड्याकडे केली, आणि त्याच्याकडे चित्र आलं! कड्यावर आपटून परत आलेली लहर त्याने पकडली होती. महिन्याभरात अख्ख्या गावाच्या अँटेना आमच्याकडे पाठ करून उभ्या. नवीन आलेले साहेब पाहणीला गेले तेव्हा चिडले, म्हणे लोकांना शिकवा जरा. मी म्हटलं, साहेब, घरात जाऊन पडदा बघा आधी.

ज्यांना सरळ आणि आपटून आलेली, अशा दोन्ही लहरी मिळायच्या, त्यांच्या पडद्यावर भुतं. प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकी सावली. यावर मी एक धंदा शोधला होता. आपल्या ६२५ ओळींच्या पद्धतीत पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. लहर दीड किलोमीटर जास्त फिरून आली की तिला ५ मायक्रोसेकंद उशीर होतो, म्हणजे सावली पडद्याच्या दहाव्या भागाएवढी सरकते. वीस इंची पडद्यावर साधारण चार सेंटिमीटर. खिशात शाळेची पट्टी ठेवायचो. तक्रारीला गेलो की पडद्यावर पट्टी लावायची, मनातल्या मनात भागाकार करायचा आणि खिडकीतून बोट दाखवून सांगायचं, "तुमचं भूत त्या डोंगरावरून येतंय. अँटेना एक वीतभर डावीकडे." लोकांना मी मांत्रिक वाटायचो.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तुमच्या टेकडीवरून ॲनालॉग येत नाही. मनोरा उभा असतो, कारण मनोरा पाडायलाही पैसे लागतात. टीव्हीवर चित्र मात्र नक्की आणता येईल, ते रात्री लिहितो. तोवर तो प्लग परत लावू नका. हे नवऱ्याला ठळक अक्षरात दाखवा.

फणसवाडी:

लॉगबुककाका, आमच्या कोकणात एप्रिल-मे महिन्यात मधूनच अरबी अक्षरं यायची टीव्हीवर. आजोबा म्हणायचे समुद्रातलं जहाज जातंय. मी लहान होतो, खरंच वाटायचं. ते काय होतं?

लॉगबुक:

आखातातली केंद्रं. उन्हाळ्यात समुद्रालगत थंड दमट हवेचा थर आणि त्याच्यावर गरम कोरडी हवा असं झाकण बसतं. लहर त्या झाकणाखाली अडकून पाण्यावरून घसरत दीड-दोन हजार किलोमीटर येते. पावसाळ्याचे ढग आले की झाकण मोडतं, अक्षरं गायब. आम्हा घाटमाथ्यावरच्यांना हे सुख नव्हतं. आजोबांचं जहाजही काही वाईट स्पष्टीकरण नाही म्हणा.

पूर्वकिनारा:

ओसरी, तुम्ही वाचलेलं बहुतेक आमच्या इकडचं असावं. मी अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो. इथे कमी ताकदीच्या केंद्रांचा वेगळा परवाना असतो, १९८२पासून. ही केंद्रं खरोखर स्वतंत्र. कुणी चर्चचं, कुणी एखाद्या भाषेचं, कुणी नुसतं जुन्या मालिका दाखवणारं. मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग १२ जून २००९ ला बंद झालं, तेव्हा या छोट्यांना सूट मिळाली. पदरच्या पैशाने नवा ट्रान्समीटर घेणं त्यांना झेपणारं नव्हतं. ती सूट लांबत लांबत १३ जुलै २०२१ पर्यंत गेली. अलास्कात काहींना जानेवारी २०२२ पर्यंत.

पण गंमत सहा नंबरच्या चॅनेलची. इथल्या पद्धतीत सहाव्या चॅनेलचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे एफएम रेडिओचा काटा अगदी डाव्या टोकाला नेला की ऐकू येतो. काही जणांनी ओळखलं की टीव्हीचा परवाना घ्यायचा आणि प्रत्यक्षात रेडिओ चालवायचा! चित्र दाखवणं नियमाने भाग, म्हणून पडद्यावर काहीतरी पाटी ठेवून द्यायची. मी गाडीत ८७.७ लावायचो, काही वर्षं तिथे कोरियन भाषेत बोलणं चालायचं. एक शब्द कळायचा नाही, पण हे टीव्हीचं केंद्र आहे हे माहीत असल्यामुळे उगाच गुदगुल्या व्हायच्या. २०२१ नंतर त्यातल्या काहींनी चित्र डिजिटल केलं आणि आवाजाची ॲनालॉग लहर तेवढी बाजूला चालू ठेवली. २०२३ साली इथल्या नियामकाने अशा १४ केंद्रांना ते कायम करायची मुभा दिली. म्हणजे तुम्ही विचारताय त्या जातीचं शेवटचं शेपूट अजून वळवळतंय म्हणा, पण ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

डिशटोपी:

हे भारी आहे. मग आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला टॉवर होते तर तालुक्याचा टीव्ही का नाही झाला? बाजारभाव, यात्रा, पाण्याच्या पाळ्या, सगळं दाखवता आलं असतं.

लॉगबुक:

डिशटोपी, भंगाराचं बोलला होतात ते माफ. हा प्रश्न मला तिशीपासून छळतोय.

आपल्याकडे मनोऱ्यावरून हवेत टीव्ही सोडायची मुभा दूरदर्शनशिवाय कुणालाच नव्हती आणि नाही. एफएम रेडिओ खाजगी झाला, २००६ नंतर संस्थांना सामुदायिक रेडिओही मिळाला, टीव्ही मात्र नाही. आणि दूरदर्शनच्या आम्हा छोट्यांकडे पुनःप्रक्षेपणाचंच काम. सुरुवातीला तर वरून फक्त दिल्ली यायची. समोर बसलेल्या माणसाला मराठी हवं, आणि आम्ही त्याला हिंदी-इंग्रजी बातम्या लख्ख दाखवतोय. शेतकरी येऊन विचारायचे, "मुंबईचं का लावत नाही?" जणू माझ्या हातात दोन बटणं आहेत आणि मी मुद्दाम एक दाबतोय. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून यायला लागले ते पुढे.

एकच जागा वेगळी होती, तीही आपल्या राज्यात नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. तिथे १९७५ साली १ किलोवॅटचा ट्रान्समीटर लावला आणि इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या लोकांनी जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना घेऊन, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच भानगडींवर कार्यक्रम केले. मजुरी, दूध, जातपात. १९८४ साली त्याला युनेस्कोचं ग्रामीण संज्ञापनाचं बक्षीस मिळालं. आणि १९८५ मध्ये तो ट्रान्समीटर मद्रासच्या दुसऱ्या चॅनेलसाठी हलवायचं ठरलं. मी त्याच वर्षी नोकरीला लागलो. ट्रेनिंगला एका ज्येष्ठांनी हे सांगितलं आणि वर म्हणाले, "तू फॉरवर्ड पॉवर बघ, बाकीचं बघायला दिल्ली आहे."

तर मी फॉरवर्ड पॉवर बघितली. दर तासाला वहीत आकडे: पुढे गेलेली पॉवर, परत आलेली पॉवर, लाइनचा व्होल्टेज. परत आलेली वाढली की समजायचं मनोऱ्यावर केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय. पावसाळ्यात हमखास. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी काही मिनिटं चित्र मुंग्यांनी भरायचं, कारण सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागे यायचा आणि डिशला उपग्रहाऐवजी सूर्यच ऐकू यायचा. दरवर्षी फोन, दरवर्षी तेच उत्तर. एका मास्तरांनी वर्गात शिकवायला म्हणून ती वेळ लिहून नेली होती, पोरांना घेऊन टीव्हीसमोर बसले. असे मास्तर तालुक्याला एक तरी असतात.

आणि ५ नोव्हेंबर १९८७. विश्वचषकाची उपांत्य फेरी, वानखेडे, इंग्लंडशी. त्यांची फलंदाजी सुरळीत गेली. आपली सुरू होता होता वीज गेली. मी जनरेटरकडे पळालो, तर बॅटरी उतरलेली. ती आठवड्याला तपासायचं काम माझं, आणि त्या आठवड्यात मी भाऊबंदांच्या लग्नाला जाऊन आलो होतो. पाटलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, लावली, धडधड सुरू झालं. वर जाऊन चित्र सोडलं आणि मॉनिटरवर पाहतो तर सुनील गावस्कर तंबूत. ४ धावा. त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय डाव, आणि आमच्या तालुक्याने तो पाहिलाच नाही. सामनाही ३५ धावांनी गेला. पुढची दोन-तीन वर्षं बाजारात एक पानवाला मला पाहिलं की विचारायचा, "काय, गावस्कर आला का बॅटिंगला?"

ओसरी:

काका, हे वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही त्या दिवशी गेली होती." आता प्रत्येक तालुक्यात गेली होती की काय कोण जाणे!

बंद केलं त्या दिवशी तुम्ही होतात का?

लॉगबुक:

होतो. ऑक्टोबर २०२१च्या टप्प्यात आमचं नाव आलं. माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. तोपर्यंत केंद्रावर कायम असं कुणी नसायचंच, मेंटेनन्स सेंटरची गाडी फेरी मारायची आणि मी अधूनमधून वर जायचो. खरं सांगायचं तर बघणारे उरलेच नव्हते. २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनने स्वतःचीच फुकट डिश आणली, तेव्हाच आमचं आयुष्य ठरलं होतं. एका डिशवर पन्नास चॅनेल येत असताना आमच्या एका चॅनेलसाठी गच्चीवर ॲल्युमिनियमचा सांगाडा कोण ठेवणार? सुटे भागही मिळेनासे झाले होते. एक कपाट मोडून दुसरं चालवत होतो. उगाच हळवं होऊन सांगणार नाही, बंद करणं बरोबरच होतं.

रात्री प्रसारण चालू असतानाच ड्राइव्ह, म्हणजे ट्रान्समीटरला आतून मिळणारा जोर, हळूहळू खाली आणली, फॉरवर्डचा काटा शून्यावर बसला, मग मेन स्विच. वहीत वेळ लिहिली, सही केली. पंखा थांबल्यावर रातकिडे ऐकू आले. छत्तीस वर्षांत ते अशा खोलीत कधी ऐकू आले नव्हते.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी फोन येतील. एकही नाही. चौथ्या दिवशी एक आला, घाटाखालच्या दूधवाल्याचा. म्हणाला, "साहेब, टॉवरवरचा लाल दिवा बंद आहे. पहाटे चारला घाट चढताना तो दिसला की कळायचं, आता तीन वळणं उरली." चित्राबद्दल अवाक्षर नाही. विमानांसाठी लावलेला दिवा, मेन स्विचबरोबर तोही गेला होता. पुढच्या फेरीत मी त्याची वायर वेगळी करून दिली. कागदावर तसं काही आलेलं नव्हतं, पण मनोरा उभा आहे तोवर दिवा हवाच ना.

आता तुमचा टीव्ही. नीट वाचा.

इतकी वर्षं पडून असलेल्या टीव्हीतले कपॅसिटर सुकलेले असतात. थेट प्लग लावलात आणि धूर निघाला नाही हे नशीब. गावात जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, पन्नाशीच्या पुढचा. तो आधी सिरीज बल्बवर लावेल, म्हणजे टीव्हीच्या वाटेत एक बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि टीव्ही वाचतो. मागचं झाकण तुम्ही उघडू नका. पिक्चर ट्यूबवर दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ राहतात.

चित्रासाठी फ्री डिशचा साधा बॉक्स घ्या, ज्याला पिवळी-लाल-पांढरी पिन आहे असा. तुमच्या टीव्हीला तसली भोकं नाहीत, फक्त अँटेनाची जागा आहे. म्हणून मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागेल. तो म्हणजे आमचंच केंद्र, काडेपेटीएवढं. बाजारात मिळतात त्यातले बरेच यूएचएफवर, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या चॅनेलवर, चालतात, ते तुमच्या २ ते १२ च्या डायलला दिसणार नाहीत. व्हीएचएफचा, म्हणजे खालच्या पट्ट्यातला, हवा. त्यासाठी तुमच्या केबलवाल्याला भेटा. केबल डिजिटल झाल्यावर त्यांच्या हेडएंडचे (म्हणजे जिथून केबल सोडतात त्या खोलीतले) जुने मॉड्युलेटर कपाटात पडून असतात, चहावर मिळेल. बघताना पाल-बी (आपल्याकडची ॲनालॉग टीव्हीची पद्धत) आहे ना आणि आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर आहे ना, हे विचारा. हा आकडा वेगळा असला तर चित्र छान येईल आणि आवाजाच्या जागी नुसतं सूंऽऽ.

टीव्हीच्या मागे दोन स्क्रू आणि चपटी वायर असेल तर ती ३०० ओहमची. मॉड्युलेटरची गोल केबल ७५ ओहमची. मध्ये बालन लावा, बोटाएवढा असतो. आणि मॉड्युलेटरला केबलच जोडा, अँटेना नको. हवेत सोडलंत तर ते प्रक्षेपण झालं, त्याला परवाना लागतो. छत्तीस वर्षं सरकारी परवान्यावर सोडत होतो म्हणून सांगतो.

फणसवाडी:

काका, त्या मुंग्यांमध्ये विश्वाच्या जन्माच्या वेळचे अवशेष असतात म्हणतात ना?

लॉगबुक:

चिमूटभर. बाकीचा गोंगाट ट्यूनरचा स्वतःचा. त्यावर शेजाऱ्यांचे एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर. पूर्वी रस्त्यावरून फटफटी गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग यायची, स्पार्क प्लगची.

ओसरी:

अपडेट देते. मेकॅनिक मिळाले, बासष्ट वर्षांचे. टीव्ही उघडल्या उघडल्या म्हणाले, "हा मीच दुरुस्त केला होता," आणि आत खरंच पेन्सिलीने लिहिलेली तारीख निघाली, जून १९९१. तीन कपॅसिटर बदलले. केबलवाल्याने मॉड्युलेटर दिला, चहा त्यानेच पाजला. आधी आवाजाचं सूंऽऽ झालं, मग तुम्ही सांगितलेला आकडा मेकॅनिकना दाखवला, त्यांनी आत एक स्क्रू फिरवला आणि आवाज आला.

काल संध्याकाळी सह्याद्री लावलं, नऊ नंबरवर. पण चित्र खालून वर पळतंय, थांबतच नाही. काळा पट्टा सारखा वर जातो. हे काय?

लॉगबुक:

व्हर्टिकल होल्ड. मागच्या बाजूला छोटं बटण असेल, 'व्ही होल्ड' लिहिलेलं. पट्टा अगदी हळू सरकायला लागेल इतकंच फिरवायचं, तिथून केसभर पुढे.

ओसरी:

मी हे वाचत होते तोवर सासूबाईंनी मागे हात घालून फिरवलंही. थांबलं.